पोर एका जागी बसत नाही: आधी कारण शोधायचं की आधी उपचार?

अंजनीकाठचा मास्तर

मी एरंडोल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. परवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत ‘वर्गात लक्ष न लागणारी मुलं’ हा विषय निघाला आणि चहा यायच्या आत निकाल लागला: मोबाईल. दुसरीकडे शहरातल्या काही शाळा पालकांना बोलावून सरळ सांगतात की तुमच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलतेचा आजार) आहे, औषध सुरू करा, नाहीतर दाखला न्या. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. माझं म्हणणं मांडतो, न पटल्यास खोडून काढा.

एडीएचडी खरा आहे, थोतांड नाही, हे धरूनच बोलतो. पण वर्गात आपल्याला फक्त वागणं दिसतं. चुळबुळ, मध्येच उठणं, हाक मारली तरी न ऐकणं, वही अर्धी टाकून देणं. त्याच्या मागचं कारण दर पोरागणिक वेगळं निघतं.

चौथीतला एक मुलगा पाढे म्हणताना ‘सात पंचे पस्तीस’पर्यंत यायचा आणि थांबायचा. डोळे फळ्यावर, पापण्या जरा फडफडायच्या, हातातली पेन्सिल सैल व्हायची. काही सेकंदांनी परत सुरू, पण भलत्याच ओळीवरून. सगळे म्हणायचे, ध्यान नाही. जळगावला मेंदूचा आलेख काढल्यावर कळलं की हा फेफऱ्याचाच एक प्रकार आहे, ज्यात मूल पडत नाही, नुसतं क्षणभर हरवतं. गोळ्या सुरू झाल्या आणि पोरगा सलग पाढे म्हणू लागला. दुसरी एक मुलगी, कान वाहायचा. तिला अर्धं ऐकूच येत नव्हतं, लक्ष कुठून देणार?

आणि झोप. आमच्याकडे शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्री असते. बाप मोटर लावायला मळ्यात, आई बॅटरी धरून सोबत, घरी कुणी नाही म्हणून पोरही मागोमाग. सकाळी दहाला ते माझ्यासमोर. झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं; लहान मूल उलट जास्त धसमुसळेपणा करतं, चिडतं, एका कामावर टिकत नाही.

रक्त कमी असणं ही आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय सापडला. हीच मुलं पुढे पहिलीत येतात.

वयाचंही बघा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांवर मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशासाठी वय धरायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांवर एडीएचडीचा शिक्का ३० टक्के जास्त बसला होता, मुलींवर ७० टक्के. म्हणजे वर्गातलं सगळ्यात लहान पोर लहानासारखं वागलं, एवढाच गुन्हा. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत गुरुजींनी लावलेली १ जून ही जन्मतारीख सर्रास सापडते. अजूनही दूरच्या पाड्यावरच्या पोराचं खरं वय किती, हे खात्रीने सांगता येत नाही.

तेव्हा माझं मत: आधी डोळे, कान, झोप, रक्त, घरातली परिस्थिती, वय हे सगळं बघा. एकेक बाजूला सारत जा. एडीएचडी हे नाव शेवटी घ्या, आणि औषध त्याच्याही शेवटी.

भुसावळची आई

सर, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण ही ‘आधी हे, मग ते’ची रांग ज्यांनी भोगली त्यातली मी एक आहे, म्हणून कडकपणे लिहिते.

माझ्या मुलाचे डोळे तपासले, कान तपासले. जंताचं औषध झालं, लोहाचं सिरप झालं. साखर बंद केली, बिस्किट बंद केलं. टीव्हीची केबल काढली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका महाराजांकडे नेलं. प्रत्येक ठिकाणी नवीन ‘मूळ कारण’ मिळालं, आणि दर वेळी ते कारण फिरून माझ्यावरच येऊन थांबलं. मी नोकरी करते म्हणून. मी लाड करते म्हणून. गरोदरपणात मी काय खाल्लं म्हणून. शेजारच्या आजी तर अंगणात उभ्या राहून सांगायच्या, “पोऱ्या एक जागावर बठस नही, मायनं वळणच नही त्याले.”

गृहपाठाची एक ओळ सांगते. ‘मोर नाचतो’ एवढं उतरवायचंय. ‘मो’ लिहिला, पेन्सिल टोकदार करायला उठला. शार्पनर सापडेना, म्हणून दप्तर उलटं केलं. दप्तरात जुनी राखी सापडली, ती हातावर बांधायला घेतली. बांधताना खिडकीतून मालगाडी दिसली, डबे मोजायला धावला. परत आणून बसवला तर वही कुठे ठेवली ते आठवेना. यात हट्ट नव्हता हो. तो रडायचा, “आई, मला करायचंय, होत नाही.” आणि एकदा फलाटावर हात सोडून रुळाच्या बाजूला पळाला, ते मी विसरू शकत नाही. एडीएचडी असलेल्या मुलांना अपघात जास्त होतात हे नंतर वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला.

शेवटी ज्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं त्यांनी पहिला प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारला: तुम्ही लहानपणी कसे होता? ते नववीत शाळा सोडून बसलेले. आजही गाडीची किल्ली, पाकीट, बिल, काहीच जागेवर नसतं. दीरही तसेच. कारण घरातच होतं, रक्तातून आलेलं, आणि आम्ही ते शिवारभर शोधत फिरलो. मधली वर्षं गेली ती गेली. त्या वर्षांत त्याने ‘मी ढ आहे’ हे मनाशी पक्कं केलं, आणि ते काढणं औषधापेक्षा अवघड जातंय.

म्हणून माझं उलट मत: लवकर तज्ज्ञाकडे जा. बाकीच्या तपासण्या तिथेच होतात.

शिंदखेड्याचे आप्पा

दोघांचंही वाचलं. मी निवृत्त माणूस आहे, चार भावंडांच्या घरात वाढलो. आमच्या काळी असले आजार नव्हते. पोर वांड असलं तर गुरं घेऊन रानात जायचं, विहिरीत पोहायचं, संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन घराच्या धाब्यावर आडवं झालं की सकाळीच जाग. अंगातली रग जिरायची. आता पोरांना अंगण नाही, नदीत पाणी नाही, ट्यूशन आहे आणि हातात मोबाईल आहे. रग जिरवायला जागा द्यायची नाही आणि मग तिला रोग म्हणायचं, हे मला पटत नाही. मुलांच्या डोक्यावर चालणाऱ्या गोळ्यांना तर माझा ठाम विरोध आहे. वळण, मैदान आणि झोप एवढं द्या.

भुसावळची आई

आप्पा, तुम्हाला वडिलांच्या जागी मानून विचारते: तुमच्या वर्गात पहिलीला होते त्यातले किती जण सातवीपर्यंत टिकले? जे गळाले त्यांच्याबद्दल कुणी विचारलं होतं का, ते का गळाले? माझे सासरे अभिमानाने सांगतात की त्यांच्या काळी असलं काही नव्हतं. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ मास्तरांचा मार खाऊन तिसरीतून पळाले आणि आयुष्यभर एका कामावर राहिले नाहीत. त्यांना घरात ‘येडा’ म्हणायचे. आजार होता, नाव नव्हतं.

धुळ्याची बालरोगतज्ज्ञ

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. या विषयावर ओपीडीत बोलायला वेळ मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आप्पा, मैदान आणि झोपेबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण आजार नवा नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली व्याख्यानांमध्ये अशा मुलांचं वर्णन केलं: बुद्धी चांगली, संगोपन चांगलं, तरी स्वतःला आवरता येत नाही, लक्ष टिकत नाही. तेव्हा ना मोबाईल होता ना कार्टून. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये काढलेला आकडा सुमारे ५ टक्के मुलांचा आहे.

आता कारण. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीमधला माणसामाणसातला फरक साधारण ७० ते ८० टक्के आनुवंशिकतेने समजतो. हा आकडा उंचीच्या जवळ जाणारा आहे. पण कुठलंही एक जनुक दोषी नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात जनुकसंचातल्या २७ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी बारीक. अशा असंख्य बारीक गोष्टी जुळून येतात. मेंदूत डोपामिनसारख्या रसायनांमार्फत चालणारं ‘थांब, वाट बघ, हे आधी पूर्ण कर’ हे काम उशिरा पक्कं होतं. २००७ मध्ये अमेरिकेत मेंदूची छायाचित्रं घेऊन केलेल्या अभ्यासात, मेंदूच्या बाह्यपटलाची (वरच्या थराची) जाडी शिखरावर पोहोचण्याचं सरासरी वय या मुलांत साडेदहा वर्षं निघालं, इतर मुलांत साडेसात. वाढीचा क्रम तोच, पण तीन वर्षं मागे.

पण ७५ टक्के आनुवंशिक याचा अर्थ तुमच्या मुलाचा पाऊण आजार आईबापाकडून आणि पाव बाहेरून, असा होत नाही. उंचीच घ्या. ती बहुतांशी आनुवंशिक आहे, तरी उपासमारीत वाढलेली पिढी खुजी राहते. म्हणून मास्तरांची यादी टाकाऊ नाही. वेळेआधी जन्म आणि कमी वजन हे धोके चांगले सिद्ध झालेले आहेत. शिसं हा धोका आहे. अगदी तान्हेपणी झालेली कमालीची हेळसांड हाही आहे.

मला मास्तरांच्या रांगेवर आक्षेप आहे, यादीवर नाही. घोरण्याचं उदाहरण घेते. तोंड उघडं टाकून झोपणारं, रात्रभर घोरणारं मूल, टॉन्सिल आणि अॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले. दिवसा हेच मूल चंचल. २०१३ साली अमेरिकेत साडेचारशेहून जास्त मुलांवर झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्या मुलांची झोप सुधारली, घरच्यांना आणि शिक्षकांना वागण्यात फरक दिसला. पण टेबलावर बसवून घेतलेल्या लक्षाच्या चाचणीत मात्र लवकर शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या गटांत म्हणण्यासारखा फरक आला नाही. म्हणजे घोरणं बरं केलंच पाहिजे, पण ते बरं झालं की सगळं मिटेल असं आश्वासन मी देत नाही. एकाच मुलाला घोरणंही असू शकतं, रक्तक्षयही आणि एडीएचडीही. एक सापडलं म्हणून दुसरं रद्द होत नाही. एकेक बाजूला सारत बसण्याची पद्धत इथेच फसते.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर, शाळा अशा कमीत कमी दोन ठिकाणी दिसायला हवीत. नुसतं शाळेत चंचल आणि मामाच्या घरी तासन् तास पत्ते खेळत बसणारं मूल असेल, तर मी आधी शाळेत काय चाललंय ते विचारते.

पारोळ्याचा कपाशीवाला

डॉक्टर, तुम्ही फवारणीचा एक शब्द काढला नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टपासून कपाशीवर औषध मारणं सुरू. पंप घरात, रिकामे डबे घरात, फवारून आलेल्या माणसाचे कपडे बाई त्याच बादलीत धुते ज्यात पोरांचे कपडे. गरोदर बाया वेचणीला असतात. पोरांच्या मेंदूवर याचा परिणाम होत नसेल असं मला कुणी सांगू नये. आणि दुकानातले ते लाल-पिवळे रंगाचे खाऊ, यात्रेतला बर्फाचा गोळा. त्यावरही बोला. सगळं रक्तातून आलं म्हटलं की कंपन्या सुटतात आणि सरकारही सुटतं.

धुळ्याची बालरोगतज्ज्ञ

भाऊ, तुमचा मुद्दा गंभीर आहे. २०१० मध्ये अमेरिकेत ८ ते १५ वर्षांच्या अकराशेहून जास्त मुलांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे अंश मोजले गेले. ज्यांच्यात ते जास्त, त्यांच्यात एडीएचडीचं प्रमाण जास्त आढळलं. एकाच वेळी केलेल्या मोजणीवरून ‘यामुळेच झालं’ असं म्हणता येत नाही. पण हीच औषधं किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि वाढत्या मेंदूला त्यापासून लांब ठेवायला पुरावा पूर्ण होण्याची वाट बघायची गरज नाही. पंप आणि डबे घराबाहेर कुलपात, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, गरोदर बाईने फवारलेल्या वावरात जायचं नाही. हे मी प्रत्येक घरी सांगते. त्या डब्यातून पाणी पिणं किंवा धान्य साठवणं तर कधीच नाही.

शिशाबद्दल पुरावा याहून पक्का आहे. सुरक्षित पातळी अशी नाहीच. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, घरगुती रंगात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू आहे. पण जुन्या दारांच्या रंगाचे पोपडे आणि जुन्या बॅटऱ्या अंगणात फोडण्याचा धंदा अजून आहे. तिथलं मूल चंचल असेल तर शिशाची रक्ततपासणी मागायला हवी.

रंगांचं: इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या २००७ च्या चाचणीत काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट (खाऊ टिकवायचं रसायन) यांच्या मिश्रणाने साध्या, निरोगी मुलांचीही चंचलता थोडी वाढली. त्यानंतर युरोपात २०१० पासून अशा खाऊवर इशारा छापावा लागतो. परिणाम छोटा आहे, सगळ्या मुलांत सारखा नाही. एवढ्याने एडीएचडी होत नाही, पण ते रंग खाऊ घालायचं कारणही नाही.

साखरेचं मात्र खरं नाही. १९९४ च्या एका प्रयोगात सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं आणि निम्म्या आयांना सांगितलं की भरपूर साखर दिलीय. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्या मुलांवर जास्त टीका करू लागल्या. भुसावळच्या ताई, तुमच्या घरचा गोडधोडाचा उपास यासाठी गरजेचा नव्हता. दात आणि वजनासाठी साखर कमी केलेली बरी, तेवढंच.

सातपुड्यातली ताई

मी धडगावच्या बाजूला पाड्यांवर आरोग्याचं काम करते. तुमची सगळी चर्चा भुसावळ, धुळे, जळगावची आहे. इकडचं सांगते.

इथे बाळ जन्मतं तेव्हाच पुष्कळदा वजन अडीच किलोच्या खाली. आई स्वतः रक्ताने कोरडी. तंबाखू भाजून केलेली मशेरी सकाळ-संध्याकाळ दातांना, गरोदरपणातही. मशेरीने बाळाचं वजन कमी भरतं हे आम्ही प्रशिक्षणात शिकलो आणि वजनकाट्यावर बघतो. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं उसतोडीला गुजरातेत जातात. पोर सोबत गेलं तर शाळा सुटली, मागे राहिलं तर म्हाताऱ्या आजीजवळ. होळीला परत येतं तेव्हा त्याला वर्गातलं काही कळत नाही. वर्गात मराठी, घरी पावरी. ते खिडकीबाहेर बघतं. याला कुठला आजार म्हणायचं?

पण एक मुलगा असाही बघितला, की घर तेच, आईबाप तेच, चार भावंडं शांत आणि हा एकटा वादळ. झाडावरून पडून हात मोडला, तो बरा व्हायच्या आत परत झाडावर. त्याच्या बाबतीत गरिबी, स्थलांतर, भाषा ही सगळी कारणं सांगून आम्ही त्याला घरी ठेवला असता तर त्याच्यावर अन्याय झाला असता. शाळा तपासणीच्या पथकाने, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, त्याला नंदुरबारला पाठवलं. त्या कार्यक्रमाच्या यादीत लक्ष आणि चंचलतेचा हा आजार आहे, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. पण जायचं कसं? एका खेपेला दिवसाची मजुरी बुडते. दर महिन्याला बोलावलं की तिसऱ्या खेपेला कुणी येत नाही. कारणांवर भांडणाऱ्यांनी या खेपांवरही बोलावं.

अमळनेरहून पुण्याला

इथे सगळे उड्या मारणाऱ्या मुलग्यांबद्दल बोलताहेत. मी मुलगी होते आणि कधीच उड्या मारल्या नाहीत. दुसऱ्या बाकावर शांत बसायचे आणि डोकं कुठल्या कुठे. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’. दहावीपर्यंत आईने शेजारी बसून अभ्यास घेतला म्हणून गुण मिळाले. इंजिनिअरिंगला वसतिगृहात आले आणि सगळं कोसळलं. फॉर्मच्या तारखा चुकायच्या, सबमिशन अर्धं, गॅसवर दूध ठेवून विसरायचे. निदान नोकरीला लागल्यावर झालं. मुलींचं असंच होतं. गोंधळ घालत नाहीत म्हणून कुणी बघत नाही.

आप्पांना औषधाबद्दल सांगायचं आहे. मी मिथाइलफेनिडेट घेते. त्याने मी वेगळी व्यक्ती झाले नाही, गुंगी येत नाही. भूक कमी होते, ते सांभाळावं लागतं. वाक्य सुरू केलं की संपवता येतं, एवढाच फरक, आणि तो माझ्यासाठी खूप मोठा आहे. अमली आणि मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यात ते येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि ते योग्यच आहे. धुळ्या-जळगावात अनेकदा दोन-तीन दुकानं फिरावी लागतात, हे मात्र मोठं संकट आहे.

आणखी एक. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता आहे. त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते ती वाचन-लेखन-गणिताच्या अक्षमतेचा दाखला असेल तर. ज्याला नुसता एडीएचडी आहे त्याने काय करायचं?

शिंदखेड्याचे आप्पा

बेटा, तुझं वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तू मोठी आहेस, स्वतःचा निर्णय स्वतः घेतलास, त्याला माझी हरकत नाही. पण सात वर्षांच्या पोराचा निर्णय दुसरे घेतात. गोळी दिली की शाळेला पोर गप्प मिळतं आणि मग ना वर्गातली गर्दी कमी होते ना मैदान मिळतं. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय. खासगी शाळेत एका खोलीत साठ पोरं मी स्वतः बघितलीत. माझा विरोध या सोयीला आहे.

धुळ्याची बालरोगतज्ज्ञ

आप्पा, हा मुद्दा मला मान्य आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना आम्हीही आधी गोळी देत नाही. आधी आईवडिलांना शिकवतो. एका वेळी एकच सूचना, चांगलं केलं की लगेच कौतुक, दिवसाचा क्रम ठरलेला, मार नाही. अमेरिकेत १९९९ साली ५७९ मुलांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. चौदा महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखाली दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. पण त्याच मुलांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा तीन वर्षांपर्यंत गटांमधला फरक उरला नाही. म्हणून गोळी चालू करून विसरून जाणारा डॉक्टर मला मान्य नाही, आणि गरज असताना गोळी नाकारणाराही नाही. उंची, वजन, रक्तदाब दर भेटीत बघावा लागतो. आणि मोबाईल: दोन वर्षांखाली अजिबात नाही, पाचपर्यंत दिवसाला फार तर एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. मोबाईलचा आणि लक्षाचा संबंध अभ्यासांत दिसतो, पण लहानसा. शिवाय चंचल मुलाच्याच हातात तो जास्त दिला जातो, कारण तेवढाच वेळ घर शांत असतं. कुठलं आधी, ते सांगणं अवघड आहे.

अंजनीकाठचा मास्तर

सगळ्यांचं नीट वाचलं. डॉक्टर, रांगेऐवजी सगळं एकदम तपासायचं हे पटण्यासारखं आहे, ज्याच्या आवाक्यात तज्ज्ञ आहे त्याच्यासाठी. माझ्या शाळेपासून बालमानसोपचार करणारा सगळ्यात जवळचा माणूस बसने किती लांब आहे याचा विचार करा, आणि सातपुड्यातल्या ताईंनी लिहिलेल्या खेपा त्यात मिळवा. मला उद्या सकाळी वर्गात जे करता येतं ते रांगेतलंच आहे. मुलाला पुढे बसवून बघतो, कान फुटलाय का विचारतो, रात्री किती वाजता झोपला ते विचारतो, पथक आलं की त्यांच्यासमोर उभा करतो.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. शिक्षकाने पालकांसमोर ‘एडीएचडी’ हा शब्द उच्चारू नये. तो आमचा अधिकार नाही. गावात शब्द पसरायला एक दिवस लागतो. मग बाकीची पोरं त्याला त्याच नावाने हाका मारतात आणि ते नाव लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. मी वहीत लिहून देतो: किती वेळा उठला, कुठल्या तासाला जास्त, कशात रमला, सूचना किती वेळा सांगावी लागली. त्या पानावर निदान नाही, फक्त बघितलेलं. ते पान घेऊन पालकांनी डॉक्टरकडे जावं.

भुसावळची आई

ते पान मला कुणी दिलं असतं तर मी आजही जपून ठेवलं असतं, सर. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी शाळेचं म्हणणं मागितलं, तेव्हा वर्गशिक्षिकेकडून आलं ते फक्त ‘खोडकर, पालकांनी लक्ष द्यावे’.

पण शब्द न उच्चारण्याबद्दल मी सहमत नाही. नुसतं पान दिलं तर आमच्यासारखे लोक ते घेऊन आधी महाराजांकडेच जातील, कारण कुणी दुसरा रस्ता दाखवलेलाच नाही. नाव घेऊ नका, ठीक. पण ‘हे वळणाचं नाही, आईचंही नाही, मेंदूच्या वाढीचं असू शकतं, मेंदूच्या किंवा मनाच्या डॉक्टरला दाखवा, सिव्हिलला होतं, पैसे लागत नाहीत, फोनवर विचारायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे’ एवढं तोंडाने म्हणा. आणि ते सासूबाईंसमोर म्हणा, फक्त आईला बाजूला घेऊन नको. मास्तरांनी घरात येऊन सांगितलेलं आमच्याकडे ऐकतात. माझं कुणी ऐकलं नव्हतं.